अकरा बगळ्यांचं कार्ड

३ जानेवारी

दुकानात विकायला आणलेल्या डायऱ्यांपैकी एकीचा कोपरा दुमडलेला निघाला. गिऱ्हाईक घेणार नाही, म्हणून मी ठेवून घेतली. हिच्यात काय लिहायचं ते परवापासून ठरलेलंच आहे. माझ्या पोटात जे दुखतंय ते.

परवा आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, वाढदिवस झाला. त्यांची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नाही. मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी मीच एक जानेवारी ठरवून टाकली, कारण मला कार्ड करायचं होतं. त्याला सतरा वर्षं झाली. तेव्हापासून घरातल्यांना, भावकीला, माझ्या वडखळच्या मैत्रिणींना, वाढदिवस असो की बारसं, माझ्या हातचं कार्ड जातं. शाळेत असताना इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत मला ए ग्रेड होती. पुढे झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान नशिबी आलं, पण ए ग्रेड ती ए ग्रेड.

यंदा आईंसाठी मी आपलं जुनं मिठागर काढलं. पंधरा दिवस लागले. सगळ्यात बारीक काळं पेन, आयव्हरी शीट, रंग फक्त आभाळाला. वाफे, मिठाच्या राशी, बांधावर ओळीने अकरा बगळे. आणि कडेला फावडं घेऊन उभे आमचे सासरे. ते जाऊन नऊ वर्षं झाली. आयुष्यभर मिठाच्या पाट्या वाहून त्यांचा उजवा खांदा खाली गेला होता. तो खांदा मी असा काढलाय की पाठमोरे असूनही कोणीही ओळखावं.

आईंनी कार्ड उघडलं, मिटलं, म्हणाल्या, "ब्यास हाय." आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. सासऱ्यांबद्दल एक अक्षर नाही.

मग आमची धाकटी जाऊ मानसी वरच्या मजल्यावरून आली. तिचं कार्ड म्हणजे काय, तर जाड कागदाच्या पाकळ्यांचं एक ढबू फूल, मध्ये मणी, कडेला रेवसच्या किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले ग्लू गनने डकवलेले. पाकीट बंदसुद्धा होत नव्हतं. आईंनी ते मांडीवर घेतलं आणि तासभर त्यावरून हात फिरवत बसल्या. "ही पाकली. ही दुसरी. आनि ह्यो शिंपला." लहान मुलासारख्या. ते कार्ड आता त्यांच्या उशाशी आहे. माझं डब्यात.

७ जानेवारी

केतनला सांगितलं. माझा नवरा दोन ट्रेलरचा मालक आहे, त्याला जगात फक्त टायरची काळजी. म्हणाला, "कार्ड काय, कागदच ना. तुझं पण छान, तिचं पण छान." म्हटलं, तुझा ट्रेलर आणि बाजूच्याचा टेम्पो, दोन्ही छानच की मग. तो टीव्हीकडे वळला.

आज दुकानात शाळेतल्या बाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे त्या उठावाच्या कार्डाचं सामान आहे का? मानसी करते तसलं?" माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडावर. मी म्हटलं, नाही. उठावाची रेघ काढायच्या थ्रीडी आउटलायनरच्या बारा बाटल्या मागच्या कप्प्यात होत्या.

मानसीच्या लग्नाला तीन वर्षं झाली. उलव्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी, भाऊजी मांडव्याच्या जेटीवर नोकरीला म्हणून इथे राहते. दिवसभर घरात असते. मी सकाळी नऊला दुकानात जाते ते रात्री आठला येते. मग कोणाचं पारडं जड होणार ते दिसतंच आहे.

११ जानेवारी

घरात एक भानगड झाली. शेजारच्या घरातले बुधाजी काका आले होते. ते आमचे चुलत सासरे, त्यांच्या नातीचं, रुचिकाचं, पुढच्या महिन्यात लग्न आहे. आमच्या आई धवलारीण आहेत. लग्नात मांडवातली गाणी, म्हणजे धवले, म्हणायचे, पाटाभोवती तांदळाच्या पिठीचा चौक भरायचा, हा मान त्यांचा. भावकीतलं एकही लग्न गेल्या पन्नास वर्षांत त्यांच्यावाचून झालेलं नाही.

काका चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "येसू वैनी, राग नका मानू. मागच्या लग्नात चौक तिरका आला व्हता. लोकांनी नावं ठेवली. यंदा दुसरी बाई बगू का? तुमी नुसत्या बसा मांडवात, मानानं."

आई म्हणाल्या, "बुधाजी, तुज्या लग्नाला मी चौक भरला. तुज्या पोराच्या भरला. रुचिकेचा पन मीच भरनार. ह्यो जर तिरका आला तर मीच उठून घरा जाईन, तू नको सांगू."

मला बोलायचं होतं, मी आहे ना आईंच्या मदतीला. रेघा सरळ काढायला माझ्याइतकं या घरात कोणाला येतं? पण तोंड उघडेपर्यंत मानसी म्हणाली, "काका, टेन्शन नका घेऊ. मी असेन आईंसोबत." आणि आईंनी तिचा हात धरला. माझ्यासमोर.

१४ जानेवारी. संक्रांत

यंदा सगळ्यांना हलव्याच्या दागिन्यांची छोटी कार्डं केली. आईंच्या कार्डात एकेक दाणा ठिपक्याठिपक्यांनी काढला. दिलं. "ब्यास हाय."

थोड्या वेळाने त्यांनी आमच्या हेमालीला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. हेमाली अकरा वर्षांची. मी दाराशी उभी राहिले, लाज वाटली तरी उभी राहिले. आतून आईंचा आवाज, "आनि? आनि काय हाय?" मग हेमालीचं हळू काहीतरी. मग दोघी हसल्या.

बाहेर आल्यावर विचारलं, काय हसत होतात? कारटी म्हणते, "आजीला प्रॉमिस केलंय." म्हणजे माझ्या कार्डांची आता खोलीत बसून टिंगल होते. आणि तीही माझ्याच पोटच्या पोरीकडून.

२० जानेवारी

केतनने आणलेली नवी पोपटी साडी नेसून आईंच्या दारात उभी राहिले. नेहमी म्हणतात, "गो बाय, नजर लागंल." आज काही नाही. त्या भिंतीकडे तोंड करून टीव्ही ऐकत होत्या. मी पाच मिनिटं तशीच उभी. तेवढ्यात जिन्यावर मानसीचे पैंजण वाजले, आणि लगेच, "आलीस का मानसी? ये, बस."

मी काय खांब आहे का दारातला?

वळले. साडी बदलली आणि कांदे कापायला घेतले. कांदे कापताना रडलं की कोणी विचारत नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून दुकान बंदच ठेवलं, म्हणून दुपारी घरी होते. वरच्या मजल्यावर धवले ऐकू आले. गेले बघायला. मानसीने मोठ्या पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून अख्खा चौक तयार केला होता, आणि आई त्या धाग्यावरून बोटं फिरवत धवला म्हणत होत्या. मागोमाग मानसी. मला बघून मानसी दचकली, पुठ्ठा पलंगाखाली सरकवला. म्हणाली, "असंच वहिनी, टाइमपास."

टाइमपास.

लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी आईंना म्हटलं होतं, मला धवले शिकवा. त्या म्हणाल्या होत्या, "तुजा गला न्हाय त्या कामाचा. तू चित्रं काढ." बरोबरच होतं, माझा आवाज फाटका आहे. मी चित्रं काढली. आता जिला आईंच्या पन्नास वर्षांतली तीनच ठाऊक आहेत तिला धवलेही मिळणार, चौकही मिळणार. तिथे शिकवणी चाललीय, आणि माझ्यापासून पुठ्ठे लपवले जातायत.

वरून तो लोकरीचा धागा माझ्याच दुकानातला. रंगावरून ओळखला.

३ फेब्रुवारी

भावकीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न असलं की माझं एक मोठं कार्ड ठरलेलं. हळदीला आई नारळाबरोबर ते नवरीच्या ओटीत घालतात. ही रीत मी सुरू केली, आणि आता बुधाजी काकासुद्धा विचारतात, कार्ड झालं का.

मानसी जेवताना म्हणाली, "रुचिकाचं कार्ड या वेळी मी करू का? म्हणजे वहिनी, तुम्हाला दुकान असतं." पाणी प्यायले, नाहीतर काहीतरी बोलले असते.

आई म्हणाल्या, "न्हाय. तो प्राप्तीच करंल."

माझं नाव घेतलेलं ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, घराण्याची लाज राखायला माझं कार्ड आणि उशाशी ठेवायला तिचं. सरकारी काम माझ्याकडे, लाड तिच्याकडे.

९ फेब्रुवारी

मी आज एक गोष्ट केली. ती बरोबर केली की चूक ते लिहीत नाही. फक्त काय केलं ते लिहिते.

रुचिकाचं कार्ड अजून झालेलं नाही. घेतलं की पेन थांबतं. ज्याच्याकडे कोणी बघतच नाही ते कशासाठी काढायचं? मनात आलं, एकदा बघूच. आयव्हरी शीट मधोमध दुमडली, कडेला सोनेरी रिबिन लावली. आत काही नाही. बाहेर काही नाही. कोरं.

संध्याकाळी आईंच्या हातात दिलं. "रुचिकाचं कार्ड झालं, बघा."

माझ्या मनात होतं, त्या म्हणतील, अगो, ह्यात काय न्हाय. मग मी हसून म्हणणार होते, परीक्षा घेत होते तुमची.

आईंनी उघडलं. तळहात एकदा फिरवला. माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "ब्यास हाय. किती बारीक काम केलंस गो. रंग पन शोभतात."

सतरा वर्षं ही बाई माझी कार्डं न बघता ब्यास म्हणतेय. न बघता. त्या मिठागरातले तिचे स्वतःचे मालक तिला दिसले नाहीत, कारण तिने बघितलंच नाही.

त्यांनी ते कार्ड आपल्या ट्रंकेत ठेवलं, कुलूप लावलं, चावी कमरेला. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का?

१५ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवते, आज चावी मागून बदलून टाकू. रोज संध्याकाळी वर मानसीचा हसण्याचा आवाज येतो आणि ठरवलेलं वाहून जातं. हळदीच्या दिवशी सकाळी बदलेन. खरं कार्ड अर्धं झालंय, मांडव आणि आंब्याच्या डहाळ्या. दोन दिवसांत होईल.

की होऊ देऊच नको. बघू दे सगळ्यांना, माझ्या कामाची या घरात काय किंमत आहे ते.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२१ फेब्रुवारी

काल हळद झाली. आज दुकान उघडलं नाही. सगळं जसं झालं तसं लिहायचं आहे.

सकाळी मी कार्ड बदललं नाही. विसरले असं लिहिता आलं असतं. विसरले नव्हते. खरं कार्ड पिशवीत घेऊन गेले होते, आणि दोनदा आईंच्या जवळ जाऊन परत फिरले, कारण दोन्ही वेळा मानसी त्यांचा हात धरून बसली होती.

दुपारी चारला मांडवात बाया जमल्या. बॅन्जोवाले अजून यायचे होते. आई चौक भरायला बसल्या. बुधाजी काका खांबाला टेकून उभे, नजर जमिनीवर. आईंनी पिठीची मूठ घेतली आणि डावा हात आधी पुढे टाकला. डाव्या हाताची बोटं पुढे, उजव्या हातातली पिठी मागे. तोंडाने धवला चालू. चौक असा आला की पट्टी लावूनही मला काढता आला नसता. चारी कोपरे चोख. काकांनी मुकाट टोपी सरळ केली आणि आचाऱ्याकडे निघून गेले.

मी खाली वाकले तेव्हा दिसलं. फरशीवर पांढरा दोरा चिकटवलेला होता. आधीच. त्याच्या कडेने आईंची बोटं गेली होती. मला वाटलं, मानसीची चलाखी. आईंच्या चौकातही हिला आपला हात घालायचाच होता. इतकं बघून एवढंच सुचलं मला.

मग ओटीची वेळ झाली. आईंनी नारळ घेतला आणि कार्ड घेतलं. नुसतं देऊन टाकलं असतं तर निभावलं असतं. पण त्या उठून उभ्या राहिल्या. कार्ड उघडून छातीसमोर धरलं, सगळ्या बायांना दिसेल असं.

"बगा गो बायांनो. माज्या मोट्या सुनेच्या हातचा हाय. येवढा बारीक काम आपल्या खारेपाटात दुसऱ्या कोनाच्या हातात न्हाय. सतरा वर्सं करते पोरगी, कदी कंटालली न्हाय. आमच्या पोरींचं भाग्य, की असा कार्ड वटीत पडतो."

आणि ते पांढरंफटक कार्ड त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

पुढच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी खुसकन हसलं. कोणीतरी म्हणालं, "अगो, ह्यात तर..." आई हसतमुख उभ्या होत्या. डोळे सगळ्यांच्या डोक्यावरून कुठेतरी लांब. तेव्हा, त्या क्षणाला, मला कळलं. पोपटी साडी. भिंतीकडे तोंड करून टीव्ही. पैंजण. लोकरीचा धागा. हेमाली आणि बंद दार. बघत नव्हत्या असं नव्हे. त्यांना दिसत नव्हतं.

मी करून ठेवलं होतं आणि मलाच निस्तरता येईना.

मानसी उठली. "आई, थांबा, उजेडाकडे धरू दे मला. बारीक पेनाचं काम आहे, लांबून कोणाला दिसतंय." तिने कार्ड हातात घेतलं, पाठ बायांकडे केली, आणि त्या कोऱ्या कागदात बघत बोलायला लागली. "मिठागर काढलंय वहिनींनी. आपलंच, जुनं. हे वाफे. वाफ्यात आभाळ पडलंय, निळं. इकडे मिठाच्या राशी, लांब जातील तशा लहान लहान. आणि बांधावर बगळे. एक पाय वर घेतलेला एकच आहे, शेवटचा. बाकी सगळे दोन पायांवर."

खरंच शेवटचा बगळा एका पायावर आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

आईंनी विचारलं, "बगले किती?"

"अकरा."

"व्हय," आई म्हणाल्या. "अकराच."

रुचिका हुशार पोर. मानसीच्या चेहऱ्याकडे बघितलं, कार्ड घेतलं, एकदा उघडून कपाळाला लावलं आणि पदराखाली झाकलं. एकीने धवला उचलला आणि वेळ निघून गेली. मागच्या बायांना काही कळलं नाही. पुढच्यांपैकी कोणी आईंना काही बोललं नाही. माझ्याकडे मात्र बघितलं.

२२ फेब्रुवारी

लग्न पार पडलं. रुचिकाला निघताना खरं कार्ड तिच्या पिशवीत घालून दिलं. म्हणाली, "काकी, कोरं पण ठेवू का मी?" म्हटलं, नको, परत दे.

घरी आल्यावर आधी वर गेले. मानसी पिना काढत होती. आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं, "आईंनी तुला सांगितलं आणि मला नाही." इतकं झाल्यावरही मला हेच खुपत होतं.

मानसी म्हणाली, "मला नाही सांगितलं, वहिनी. मला कळलं. गेल्या दिवाळीत त्या सुईत दोरा ओवत होत्या आणि सुई उलटी धरली होती. माझ्या आजीचं असंच झालेलं." मग खाली बघून, "त्यांनी शपथ घातली. रुचिकाचं लग्न होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. नाहीतर काकांनी दुसरी बाई आणली असती."

"आणि ते बगळे?"

"तुमची कार्डं मी बघते ना. त्या डब्यातली सगळी बघितलीयत. मला तसं नाही येत, वहिनी. माझा हात थरथरतो. म्हणून तर मी चिकटवाचिकटवी करते."

ती माझ्यावर जळते आहे असं मला वाटलं. वाटून बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

२३ फेब्रुवारी

आज आईंपाशी बसले. सगळं सांगणार होते, पण त्यांनीच सुरुवात केली.

"कोरा व्हता न्हवं त्यो?"

मी म्हटलं, हो. मग विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"मानसी बोलाय लागली तवा कललं. मिठागराचा कार्ड तर माज्या डब्यात हाय. हेमालीनं वाचून दाखवलाय मना, सात-आट येळा. अकरा बगले. मंग मांडवात कंचा आला?" मग म्हणाल्या, "तू का केलंस ते पन कललं. मी ब्यास ब्यास म्हनत बसले आनि तुला वाटलं, म्हातारी बगत न्हाय."

मी रडले. या वेळी कांदे नव्हते.

म्हटलं, मला का नाही सांगितलंत? मी कोणी परकी होते का?

"तुला सांगितला असता तर तू पेन खाली ठेवला असतास. आंदल्या बाईसाठी कोन बगले काढंल? मना ते नको व्हता." त्यांनी डबा पुढे ओढला. वरून एकेक कार्ड चाचपून बाहेर काढत गेल्या. "हा हेमालीच्या बारशाचा. हा आमची गाय व्याली त्याचा. हा संक्रांतीचा, ठिपक्यांचा, हेमाली मोजता मोजता दमली आनि आमी दोगी हसलो." सगळी ओळीने, एकही चुकलं नाही. कोपऱ्यांवरून आणि जाडीवरून ओळखत होत्या.

ओळखता न आलेला माझा एकच कागद, तो कोरा.

२ मार्च

पेणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. केतनने ट्रेलरची फेरी सोडली, हे त्याच्यासाठी फार झालं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईल, थोडं दिसेल. उजव्याची आशा ठेवू नका म्हणाले. आधी आला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मी ते पूर्ण केलं मनात. आधी, म्हणजे मी साड्या आणि कार्डं मोजत होते तेव्हा.

आई मात्र येताना गाडीत धवला गुणगुणत होत्या. "चौक सरल आला न्हवं?" तीनदा विचारलं.

८ मार्च

मागच्या कप्प्यातल्या आउटलायनरच्या बारा बाटल्या बाहेर काढल्या. मानसीला म्हटलं, शिकव. तिने शिकवलं. शिकवताना "नाही वहिनी, असं नाही" असं ती किती वेळा म्हणाली ते लिहीत नाही. पुढे ती म्हणाली, राशींना खरं मीठ लावू. मी हसले. मिठाच्या घरात येऊन तीन वर्षं झाली तरी हिला माहीत नाही, की इथल्या हवेत मीठ पाझरतं, पावसाळ्यापर्यंत कार्डाचा लगदा होईल. एका तरी गोष्टीत मी पुढे आहे. राशींना तांदळाची कणी लावली.

तेच मिठागर. तोच कोरा कागद, सोनेरी रिबिनीचा. वाफ्यांना लोकर, बगळ्यांना आउटलायनर. सगळं ओबडधोबड. रेघ फुगते, डिंक बाहेर येतो. माझ्या ए ग्रेडला शोभणारं त्यात काहीही नाही.

आज दुपारी आईंच्या मांडीवर ठेवलं, काही न बोलता. त्यांनी बोटं टेकवली.

"मानसी?" मग लगेच, "न्हाय. मानसीचा काम साफ असतो. ह्यो तुजा."

बरं. ऐकून घेतलं.

बोटं बांधावरून निघाली. बगळे मोजले. शेवटच्याचा पाय सापडला तेव्हा हसल्या. राशी चाचपल्या, "कनी हाय ही," म्हणाल्या. मग बोट कडेला गेलं, तिथे थांबलं.

"ह्यो कोन?"

मी म्हटलं, बघा तुम्हीच.

"हेमाली म्हनायची, एक मानूस हाय फावडा घेऊन." हेमालीला तरी काय कळणार? तिला आजोबा आठवत नाहीत. मानसीने तर त्यांना बघितलेलंच नाही. आईंचं बोट डोक्यावरून डाव्या खांद्यावर आलं, मानेवरून पलीकडे गेलं, आणि उजव्या खांद्यावरून घसरलं. परत वर गेलं. परत घसरलं.

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला, सासरे अंगणात आले की घ्यायच्या तसा.

"तवाच काडले व्हतेस ह्यांना? जानेवारीत?"

"हो."

"आनि मी ब्यास हाय म्हनून डब्यात ठेवले."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला आणि परत त्या खांद्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मानसीला हाक मार. तिला दाखवायचाय. तिनं बगितलं न्हाईत ह्यांना."

मी उठले. जिन्याखाली जाऊन उभी राहिले. वर मानसीचे पैंजण वाजत होते. मागे आई कार्डाशी काहीतरी पुटपुटत होत्या, आणि खाली दुसरं कोणी नव्हतं.

हाक मारली. जरा उशिरा मारली.